पेटीत नसलेला शिपाई

दिवाळी जवळ आली की आपल्या मंडळांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. अंगणातल्या किल्ल्यावर पूर्वी मातीचे मावळे असत, आता बाजारातून प्लास्टिकचे शिपाई येतात, आणि त्यात संस्कृतीचा ऱ्हास आहे, अशी ती तक्रार. तिच्यामागील तळमळ आम्ही जाणतो. तथापि हा वाद आपण भलत्याच ठिकाणी घालीत आहोत, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिपाई मातीचा की प्लास्टिकचा, हा प्रश्न गौण होय. कोणता शिपाई उभा केला आणि कोणता वगळला, हा प्रश्न मोठा. खांद्यावर चकमकीची बंदूक, तिच्या टोकाला संगीन, ओळीत पाय टाकणारा असा जो कवायती शिपाई महादजी शिंद्यांनी उभा केला, आणि ज्याच्या मागोमाग आपल्यापैकी कित्येकांची घराणी उत्तरेत येऊन स्थिरावली, तो आपल्या किल्ल्यावर मातीचाही नव्हता आणि प्लास्टिकचाही नाही. विलायतेत या काळातल्या शिपायांचा एक मोठा छंद आहे. तेथील प्लास्टिकच्या पेट्यांतही त्याला जागा मिळालेली नाही. त्या पेटीवाल्यांना बोल लावणे सोपे आहे. आम्ही मात्र पहिला बोल आपल्याच घराला लावणार आहोत.

या छंदाची ओळख आपल्या वाचकांस कदाचित नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. मेजावर रणभूमी मांडून लढाई खेळण्याची पद्धत प्रशियात रुजली. राइसविट्झ नावाच्या पितापुत्रांनी १८१२ ते १८२४ या काळात ती सिद्ध केली आणि प्रशियन सैन्याने ती अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारली. तेथे शिपायांऐवजी ठोकळे होते. घरच्या दिवाणखान्यात शिपाई मांडून खेळण्याचे नियम १९१३ साली एच. जी. वेल्स या प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकाराने ‘लिटल वॉर्स’ या छोट्या पुस्तकात दिले. त्या वेळचे शिपाई पोकळ शिशाचे असत आणि ते सर्वांना परवडत नसत. १९५९ पासून एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने बोटाच्या पेराएवढे मऊ प्लास्टिकचे शिपाई लहान पेट्यांतून विकायला आरंभ केला, आणि शाळकरी मुलाच्या खाऊच्या पैशांत आख्खी पलटण येऊ लागली. त्या प्लास्टिकवर रंग टिकत नसे, संगिनी वाकत; पण एक सबंध पिढी त्यावर वाढली. पुढे २००० नंतरच्या दशकात पेरी बंधू, व्हिक्ट्रिक्स इत्यादी उत्पादकांनी सुमारे अठ्ठावीस मिलिमीटर उंचीचे, कडक प्लास्टिकचे, सुटे हात-डोकी चिकटवून जोडायचे शिपाई आणले. आज या छंदात बहुसंख्येने पोक्त गृहस्थ आहेत. कोटाच्या कॉलरचा रंग कोणता, गुंड्यांच्या रांगा किती, यावर ते ग्रंथ चाळतात आणि महिनोन्‌महिने रंगकाम करतात. तेव्हा ‘पोरखेळ’ म्हणून याकडे नाक मुरडण्याचे कारण नाही.

या मंडळींना ठासणीच्या बंदुकीचा काळ विशेष प्रिय का, तेही समजून घेतले पाहिजे. ती बंदूक शंभर यार्डांपलीकडे फारशी नेमकी लागत नसे. कसलेला शिपाईसुद्धा मिनिटाला दोन-तीन बारच काढी. म्हणून एकट्याच्या नेमापेक्षा साऱ्या पलटणीने एकदम झाडलेल्या फैरीला मोल होते, आणि फैर साधायची तर ओळ न मोडता उभे राहणे भाग होते. घोडदळ आले की चौकोन बांधायचा, तोफा लागल्या की तो पसरायचा, धावा करायचा तर फळी धरायची. सारा खेळ शिस्तीचा आणि रचनेचा. मेजावर मांडायला याहून सोयीचे युद्ध दुसरे नाही. आणि नेमका हाच गुण महादजींच्या कंपूंत होता, हे येथेच लक्षात घ्यावे.

आता पेटीत कोण असतो आणि कोण नसतो, याचे गणित पाहू. कडक प्लास्टिकचे शिपाई पोलादी साच्यात दाबाने भरून काढतात. असा साचा कोरविण्याचा खर्च मोठा. हजारो पेट्या खपल्या तरच तो वसूल होतो. शिशाच्या मिश्रधातूचे शिपाई रबरी साच्यात ओततात, तो साचा स्वस्त पडतो आणि थोड्या खपावरही धंदा चालतो. परिणाम उघड आहे. ज्याची मागणी मोठी तो प्लास्टिकमध्ये स्वस्त मिळतो, ज्याची मागणी थोडी तो धातूत महाग मिळतो. वॉटर्लूचा इंग्रज, नेपोलियनचा फ्रेंच, त्यांचे प्रशियन, ऑस्ट्रियन आणि रशियन सोबती, तसेच अमेरिकन यादवीतले दोन्ही पक्ष, हे सारे प्लास्टिकच्या पेट्यांत आहेत. शिंद्यांचा शिपाई हवा असेल तर धातूचे काम करणारा लहान उत्पादक शोधावा लागतो, अथवा दुसऱ्या कोणाच्या धडावर पगडीचे डोके चिकटवावे लागते. आमच्या शिपायाला स्वतःचे धडही मिळू नये, याचा आम्हांस विषाद वाटतो.

बाजाराचा हा न्याय निर्मळ असतो असेही नाही. विल्यम सिबोर्न या इंग्रज अधिकाऱ्याचे उदाहरण येथे बोलके आहे. वॉटर्लूची प्रतिकृती करण्याचे काम त्याच्याकडे १८३० साली आले. त्याने रणभूमीवर सुमारे आठ महिने राहून मोजणी केली, लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून कोण कोठे उभा होता ते विचारले, आणि सुमारे सत्तर हजारांवर इवलेसे धातूचे शिपाई मांडून १८३८ साली ती प्रतिकृती लंडनमध्ये प्रदर्शित केली. त्याने निवडलेल्या संध्याकाळी सातच्या सुमारास प्रशियन सैन्य मोठ्या संख्येने रणांगणावर होते, असे त्याच्या शोधात निघाले होते. ते वेलिंग्टनच्या वर्तुळात रुचले नाही. विजयाचा वाटेकरी इतका ठळक दिसावा, हे त्यांना मानवणारे नव्हते. अखेरीस सिबोर्नने प्रशियन शिपायांची संख्या कमी केली. ती प्रतिकृती आज लंडनच्या राष्ट्रीय सेना संग्रहालयात आहे. ज्या माणसाने कागद गोळा करण्यात कसूर केली नाही त्यालाही शिपाई उचलावे लागले, यावरून मेजावरच्या बाहुल्यांची मांडणी किती मोठ्या माणसांना झोंबते ते कळून येते.

तोच वेलिंग्टन वॉटर्लूच्या बारा वर्षे आधी, आर्थर वेलस्ली या नावाने, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई येथे लढला होता. २३ सप्टेंबर १८०३ ची ही लढाई विलायतेतल्या छंदिष्टांना चांगली ठाऊक आहे. वेलिंग्टनची स्वतःची ती आवडती लढाई म्हणून सांगितली जाते. कैलना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांचे सैन्य होते. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, तेव्हा मध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून वेलस्लीने नदी ओलांडली आणि तो बाजूने चालून आला. पुढची गोष्ट मात्र आपल्या ध्यानात राहण्यासारखी असून आपण ती कधी सांगत नाही. हॅनोव्हरच्या पोलमन नामक सेनानीच्या हाताखालील शिंद्यांच्या कवायती पायदळाने शत्रू समोर असताना आपली सारी फळी काटकोनात फिरवून घेतली. अशी हालचाल युरोपातल्या निवडक पलटणींनाही अवघड वाटे. वेलस्लीला ती अपेक्षित नव्हती.

छंदात एक जुनी रीत अशी आहे की मेजावरचा एक शिपाई म्हणजे प्रत्यक्षातली वीस माणसे. त्या मापाने ही लढाई मांडून पाहा. वेलस्लीच्या बाजूने प्रत्यक्ष झुंजलेले सुमारे साडेचार हजार, म्हणजे सव्वादोनशे बाहुले. त्यांत गोऱ्यांच्या पायदळ पलटणी दोनच, चौऱ्याहत्तरावी आणि अठ्ठ्याहत्तरावी; गोऱ्या घोडदळाची रेजिमेंट एक. बाकी पाच पायदळ पलटणी आणि तीन घोडदळ रेजिमेंटी मद्रासच्या एतद्देशीय शिपायांच्या. नदीपलीकडे इंग्रजांच्या बाजूने पहारा करीत होते म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडेस्वार. समोर शिंद्यांचे कवायती पायदळ दहा हजारांवर, म्हणजे पाचशेहून अधिक बाहुले, आणि शंभराच्या घरात तोफा. त्या तोफांवरचे गोलंदाज फळी तुटल्यावरही हटले नाहीत. इंग्रज पुढे सरकल्यावर जे पडून राहिले होते ते उठले आणि त्यांनी तोफा मागे वळवून पुन्हा मारा चालू केला. असई गावाकडे भरकटलेली चौऱ्याहत्तरावी पलटण तर जवळजवळ संपली. अखेर इंग्रज जिंकले; पण त्यांची १,५८४ माणसे मेली, जखमी झाली वा हरवली. सव्वादोनशे बाहुल्यांतून जवळजवळ ऐंशी उचलून पेटीत परत ठेवावे लागतील.

या आकड्यापाशी आम्ही थोडे थांबतो. आमची हयात सरकारी दफ्तरांत गेली. ज्याची नोंद नाही तो मनुष्य हळूहळू नव्हताच असे कसे ठरते, हे आम्ही कागदोपत्री पाहिले आहे. इंग्रजांच्या हानीचा आकडा एककापर्यंत ठाऊक आहे. आपल्या बाजूचा आकडा आजही अंदाजाने सांगतात, आणि तो अंदाजही बहुधा इंग्रजी लेखनातून घेतलेला असतो. त्यांची पलटण तिच्या क्रमांकानिशी, सेनापतीनिशी आणि निशाणानिशी स्मरणात आहे. आपल्या पलटणींपैकी एकीचे तरी नाव आपल्या घरातला पदवीधर सांगू शकेल काय? मग पेटीवाल्याने कोणाला विचारून साचा कोरावा?

हा विसर आपल्या भाषेतही मुरलेला आहे. फ्रेंच पद्धतीने शिकलेले पायदळ इब्राहिमखानाने १७६१ च्या पानिपतावर भाऊसाहेबांसाठी लढविले. ते गारदी त्या दिवशी अखेरपर्यंत झुंजले आणि इब्राहिमखानाने पकडला गेल्यावर प्राण दिले. परंतु मराठी कानाला ‘गारदी’ म्हटले की आठवतो तो १७७३ सालचा नारायणरावाचा खून. पानिपतावरचा गारदी त्या एका पातकाखाली गाडला गेला. तीच गत ‘कंपू’ची. महादजींचे कंपू म्हणजे पायदळ, तोफखाना, दारूगोळा आणि बैलवाहतूक यांसह स्वतंत्रपणे लढू शकणारी सेना. आज मराठीत कंपू म्हणजे कोणत्याशा समितीतली चार कारस्थानी डोकी! ग्वाल्हेरच्या लष्करात कंपू नावाची वस्ती आहे, शिंद्यांची छावणी आहे. खुद्द ‘लष्कर’ हे शहराचे नाव १८१० च्या सुमारास दौलतरावांचा तळ येथे पडला त्यावरून आले. त्या रस्त्यांवरून आपण रोज जातो, पत्रावर पत्ता लिहितो, आणि तो शब्द कोणाच्या पायांनी येथवर आला हे मुलांना सांगत नाही.

या विसराचे समर्थन तीन प्रकारे केले जाते. पहिला आक्षेप असा की, ते सैन्य परक्यांच्या हुकमतीखाली होते. सव्हॉयच्या दिबॉयने १७८४ पासून ते घडविले, १७९५ साली तो सेवानिवृत्त झाल्यावर फ्रेंच पेराँ आला, म्हणून ते ‘आपले’ कसे? आम्ही उलट विचारतो, आपल्या कारखान्याचा अभियंता जर्मन असला तर कारखाना जर्मनांचा होतो काय? दिबॉयला ठेवणारे महादजी होते. दुआबातला महसूल लावून देऊन त्या सैन्याला नियमित पगार मिळेल अशी तजवीज शिंद्यांच्या दौलतीने केली. जखमी आणि अपंग शिपायांच्या निर्वाहाचा विचारही त्या व्यवस्थेत होता. १७९० साली पाटण आणि मेडता येथे या सैन्याने राजपुतान्यातली घोडदळे मोडली ती शिंद्यांच्या निशाणाखाली. आणि १८०३ मध्ये पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला, बहुतेक युरोपीय अधिकारी फुटले किंवा निघून गेले, त्यानंतर १ नोव्हेंबरला लासवारीवर हेच शिपाई लढले. इंग्रज सेनापती लेक याने त्यांच्या शौर्याची कबुली आपल्या पत्रांतून दिलेली आहे. परकीय हुकमतीवरच ते उभे असते तर हुकूम देणारे गेल्यावर ते का मेले?

दुसरा आक्षेप कुजबुजीने घेतला जातो, म्हणून तो आम्ही मोठ्याने सांगतो. त्या पलटणींत मराठे थोडे होते. अवध आणि दुआबातले ब्राह्मण, राजपूत, मुसलमान अधिक होते. हे खरे आहे. ‘तेलंगा’ आणि ‘नजीब’ ही त्यांच्या पलटणींच्या प्रकारांची नावेच ते सांगतात. परंतु महाराष्ट्राबाहेर दोनशे वर्षे राहिलेल्या आपल्यासारख्यांनी हा आक्षेप घ्यावा, ही मोठी विसंगती होय. आपण माळव्याचे, बुंदेलखंडाचे, गुजरातचे पाणी पिऊन मराठी राहिलो, आणि मराठी राज्यासाठी मेलेला अवधचा शिपाई मात्र परका? मराठी राज्य हे जर केवळ मराठी बोलणाऱ्यांचे होते असे म्हणावयाचे, तर ते अटकेपर्यंत गेले ही प्रौढी आपण कोणत्या तोंडाने मिरवतो?

तिसरा आक्षेप असा की, ते हरले. मुलांपुढे पराभव कशाला मांडावा? याला उत्तर ग्वाल्हेरजवळचेच आहे. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार येथे ग्वाल्हेरचे सैन्य एकाच दिवशी दोन लढाया हरले. महाराजपुरास इंग्रजांची आठशेच्या घरात माणसे पडली. जिंकणाऱ्यांनी काय केले? पकडलेल्या तोफांच्या धातूची पदके पाडून आपल्या सैनिकांच्या छातीवर लावली. प्रतिस्पर्धी बळकट होता हे जगाला सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मग त्या तोफांमागे उभ्या राहिलेल्यांची नावे घेण्यात आपल्याला कमीपणा का वाटावा? फ्रेंच वॉटर्लूवर हरले, तरी त्यांच्या पेट्या विजेत्याच्या पेट्यांशेजारी मांडलेल्या असतात. पराभवाने शिपाई पेटीबाहेर जात नाही. त्याचे म्हणून कोणी सांगणारे उरले नाही की जातो.

असाही एक सूर निघतो की, मुलांच्या हाती युद्धाचा खेळ देऊच नये. हा विचार सात्त्विक आहे आणि त्याची टर उडविण्याची आमची इच्छा नाही. परंतु दिवाळीच्या किल्ल्यावर तलवार उगारलेला मावळा ठेवताना हा विचार कोठे असतो? तो मावळा सदैव जिंकलेला असतो, त्याला कधी गोळी लागत नाही. मेजावरच्या खेळात प्रत्येक डावाला बाहुले उचलावे लागतात, आणि ज्या मुलाने एकेक बाहुला चार संध्याकाळी बसून रंगविला आहे त्याला उचलणे म्हणजे काय ते कळते. वेल्सनेही आपल्या पुस्तकात याच अर्थाचे म्हटले आहे की, छोटे युद्ध खेळून पाहिले म्हणजे मोठे युद्ध किती बेढब आणि महाग असते ते उमगते. पुढच्याच वर्षी युरोपने त्याचे ऐकले नाही, हा दोष खेळाचा नव्हे.

आता आणखी एक सबब संपलेली आहे. पोलादी साच्याचा खर्च परवडत नाही, हे पूर्वी खरे होते. आज संगणकावर आकृती काढून राळेत एक एक शिपाई छापणारी यंत्रे घराच्या खोलीत बसतात. शंभर लागोत वा एक लागो, साच्याची गरज उरलेली नाही. आपल्या नातवंडांपैकी कित्येक इंदूर, पुणे, हैदराबाद, बडोदे येथे हेच तंत्र शिकत आहेत किंवा त्यावर नोकरी करीत आहेत. आकृती काढायला त्यांना येते. काय काढायचे, हे त्यांना सांगणारे कोणी नाही. अंगरखा कसा, पट्टा कोठून कोठे, पगडी कशी बांधलेली, निशाण कोणते, हे विचारायला ते येतील तेव्हा आपण काय उत्तर देणार आहोत?

ते उत्तर शोधण्याचे काम आपलेच होय. उत्तरेतल्या जुन्या मराठी घराण्यांत फडनिशी, बक्षीगिरी, कारकुनी चालत आलेली आहे. माळ्यावरच्या पेट्यांत जमाखर्चाचे, पगारवाटपाचे, नेमणुकीचे मोडी कागद ज्यांच्याकडे असतील, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी मोडी वाचणाऱ्या कोणाला तरी दाखवावेत. कापडाच्या खरेदीची एक नोंद, काडतुसांच्या पेट्यांची एक यादी, एखाद्या पलटणीच्या हजेरीचा एक ताव, यांचे मोल आपल्या सभागृहांतल्या दहा भाषणांहून अधिक आहे. मंडळांनी वक्तृत्वस्पर्धेचे शिवकालीन विषय जरूर ठेवावेत. त्यांच्या शेजारी एक विषय असई, लासवारी किंवा महाराजपूर यांचा ठेवावा. आणि येत्या दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलांना पायथ्याशी एक ओळ बंदूकधाऱ्यांची मांडायला सांगावे. बाजारातला हिरवा प्लास्टिकचा शिपाई चालेल, त्याला लाल निळा रंग फासला तरी चालेल. मूल विचारील, ‘आजोबा, हा कोण?’ त्या प्रश्नाला उत्तर देण्याइतके वाचन आपण तोवर करून ठेवावे.

मावळ्याला किल्ल्यावरून कोणी खाली उतरवीत नाही. त्याचा मान त्याच्याकडे राहो. त्याच्यामागून दीडशे वर्षांनी जो आला, ज्याने कवायत शिकली, पगारपत्रकावर अंगठा उठविला आणि तोफांपाशी उभा राहिला, त्याची ओळ मात्र रिकामी आहे. पेटीवाल्याला पत्र लिहिण्याआधी ती ओळ आपण आपल्या अंगणात भरली पाहिजे.